अकरा दुकाने, एक किल्ली

प्रश्न : ताई, मी कोल्हापुरात घरून हिशेबाचे काम करते. गुळाचे दोन अडते, एक औषधाचे दुकान, एक पेट्रोल पंप आणि बाकी लहान व्यापारी, असे अकरा जण माझ्याकडे आहेत. पूर्वी स्कूटरवरून सगळीकडे फिरायचे. आता एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर या दुरून संगणक चालवायच्या प्रोग्रामांनी घरूनच त्यांच्या टॅलीत जाते. दुकान बंद झाल्यावरही काम करता यावे म्हणून प्रत्येक संगणकावर कायमचा पासवर्ड लावला आहे. लक्षात राहावा म्हणून तो सगळीकडे एकच ठेवलाय, फक्त शेवटचा आकडा बदलते. शिवाय वहीत लिहून ठेवला आहे. जीएसटीची 11 आणि 20 तारीख जवळ आली की माझा कॉलेजात शिकणारा मुलगाही मदतीला बसतो. तो म्हणतो, आई, आधी ती वही फाडून टाक. वही फाडली तर माझे काम बंद पडेल. काय करू?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वही फाडू नका. तुमच्या पत्रात काळजी वाटावी अशी गोष्ट वेगळीच आहे, ती म्हणजे ‘सगळीकडे एकच’ हे दोन शब्द.

मी बावीस वर्षे एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात काम केले. मुख्य कार्यालय, वजनकाटा, शेती विभाग आणि चार तालुक्यांत पसरलेली गट ऑफिसे, एवढे सगळे संगणक आम्ही एका खोलीतून सांभाळायचो. त्यामुळे तुमची अडचण मला आतून ठाऊक आहे. रात्री नऊ वाजता कुणाचा तरी फोन येतो, समोरचा माणूस घाईत असतो आणि आपल्याला तो पासवर्ड त्या क्षणी आठवावाच लागतो. ‘एकच ठेवू’ हा विचार आळसातून येत नाही, या घाईतून येतो.

पण त्या एका पासवर्डाने नेमके काय होते ते बघा. औषधाच्या दुकानातल्या मुलाने तुम्हाला तो टाइप करताना पाहिला, तर त्याच्या हाती फक्त त्याच्या मालकाचा संगणक लागत नाही. गुळाच्या अडत्याची उधारी आणि पेट्रोल पंपाचा रोजचा भरणाही लागतो. शेवटचा आकडा 1 ते 11 बदलण्याने काही होत नाही, अकरा वेळा बटणे दाबायला मिनिटही लागत नाही. आणि ही अकरा माणसे तर एकमेकांना ओळखतही नाहीत. तुमच्यावर विश्वास टाकताना आपल्या तिजोरीची किल्ली शेजारच्याच्या तिजोरीलाही लागते, हे त्यांना कुणी सांगितलेले नाही.

फेब्रुवारी 2021 मध्ये अमेरिकेत फ्लोरिडातल्या ओल्ड्समार या गावी पाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात पाण्यात मिसळायच्या कॉस्टिक सोड्याचे प्रमाण पडद्यावरून 100 चे 11,100 केले गेले. तिथे बसलेल्या कर्मचाऱ्याच्या ते लगेच लक्षात आले आणि त्याने ते पूर्ववत केले म्हणून अनर्थ टळला. हे बाहेरच्या कुणी केले की आतल्याच माणसाच्या हातून चुकले, याबद्दल पुढे शंका घेतली गेली. पण त्या घटनेनंतर निघालेल्या सरकारी सूचनेत एक गोष्ट स्पष्ट लिहिली होती : केंद्रातल्या सगळ्या संगणकांना दुरून प्रवेश करण्यासाठी एकच पासवर्ड होता. त्याआधी 2016 मध्ये टीमव्ह्यूअर वापरणाऱ्या बऱ्याच लोकांचे संगणक परक्यांनी उघडले होते. लोकांनी दुसऱ्या संकेतस्थळांवरचेच पासवर्ड इथे वापरले आणि ते तिकडून फुटले, असे त्या वेळी कंपनीने सांगितले. त्याच सुमारास लिंक्डइनवरून 2012 मध्ये चोरलेले कोट्यवधी पासवर्ड विक्रीला आले होते.

तुमच्या पत्रातून एक गोष्ट जाणवली. तुम्ही तीन वेगवेगळ्या पासवर्डांना एकच समजता आहात. पहिला तुमच्या स्वतःच्या टीमव्ह्यूअर किंवा एनीडेस्क खात्याचा. ज्या खात्यात तुमची अकरा जणांची यादी साठवलेली असते, ते हे. दुसरा प्रत्येक दुकानाच्या संगणकावर लावलेला, समोर माणूस नसताना आत घेणारा. तिसरा त्या संगणकाच्या विंडोजचा. पहिला तुमचा, तो दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही, मुलालाही नाही. दुसरा आणि तिसरा मात्र मालकाचे आहेत, तुम्ही ते फक्त सांभाळता. हे एकदा मनात पक्के बसले की पुढची कामे सोपी होतात.

आता वही. घरातल्या कपाटात कुलपाआड असलेली वही इंटरनेटवरून कुणी चोरू शकत नाही. तरी अकरा संगणकांसाठी मी तुम्हाला कीपास हे पासवर्ड सांभाळणारे सॉफ्टवेअर सुचवीन. मोफत आहे, 2003 पासून चालत आले आहे आणि त्याला इंटरनेट लागत नाही. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात, ती फाइल एका मुख्य पासवर्डने उघडते. फोनवरही हवे असेल आणि फाइल इकडून तिकडे नेण्याचा त्रास नको असेल, तर अशाच कामाचे बिटवॉर्डन घ्या. प्रत्येक दुकानाची एक नोंद करा : दुकानाचे नाव, संगणकाचा आयडी, कायमचा पासवर्ड, विंडोजचे नाव आणि पासवर्ड, मालकाचा फोन आणि शेवटचा बदल कधी व कशासाठी केला ते. हे ‘कशासाठी’ लिहायचा कंटाळा करू नका. सहा महिन्यांनी तेच उपयोगी पडते.

अकराही पासवर्ड कीपासलाच तयार करू द्या, वीस-वीस अक्षरांचे, वेडेवाकडे. ते तुम्हाला आठवायचे नाहीत, टाइपही करायचे नाहीत, फक्त चिकटवायचे आहेत. फाइल तुमच्याच संगणकावर उघडा, दुकानाच्या संगणकावर कधीही नाही. आणखी एक सवय लावून घ्या. दुरून जोडलेले असताना तुमच्याकडे कॉपी केलेला मजकूर समोरच्या संगणकाच्या क्लिपबोर्डवरही जातो. कीपास आपला पासवर्ड काही सेकंदांत पुसते, पण समोरच्या विंडोजमध्ये क्लिपबोर्डचा इतिहास चालू असेल तर तो तिथे राहू शकतो. म्हणून पडदा जोडलेला असताना दुसऱ्या दुकानाचा पासवर्ड कॉपी करू नका.

मुख्य पासवर्ड मात्र डोक्यात ठेवावा लागतो. तो असा करा. रोजच्या वापरातले मराठी शब्द दोनशे चिठ्ठ्यांवर लिहा : फोडणी, चौकट, पावशेर, रहाट, जे सुचेल ते. डब्यात टाका, हलवा, एक काढा, लिहून घ्या, चिठ्ठी परत टाका. असे सहा वेळा. सहा शब्दांच्या 64 लाख कोटी जुळण्या होतात. शब्द स्वतः निवडू नका. आपण निवडायला बसलो की माहेरचे गाव, मुलाचे नाव आणि कुलदैवत याच क्रमाने येतात, हे मी इतक्यांदा पाहिले आहे की आता विचारतही नाही. हे शब्द रोमन अक्षरांत टाइप होणार, तेव्हा प्रत्येकाचे स्पेलिंग एकदाच ठरवा. ‘चौकट’ला ‘ए यू’ की ‘ओ यू’, याची आठवण ऐन वेळी दगा देते.

त्यावरून आठवले. पासवर्ड बरोबर असूनही विंडोज नाकारत असेल तर आधी समोरच्या संगणकाचा कीबोर्ड मराठीवर तर नाही ना, ते बघा. आमच्या शेती विभागात निम्मी मंडळी देवनागरीत टाइप करायची आणि कीबोर्ड तसाच सोडून घरी जायची. लॉगिनच्या पडद्यावर कोपऱ्यात भाषा दिसते. पासवर्डाच्या जागी फक्त ठिपके दिसतात, त्यामुळे आपण काय टाइप करतोय ते कळत नाही. नव्या विंडोज 11 मध्ये दहा वेळा चुकले की खाते दहा मिनिटे बंद होते, म्हणून तिसऱ्या चुकीनंतर थांबा आणि कोपरा बघा.

आता तुम्ही न विचारलेले, पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटते ते. आमच्या विभागात एक काका होते. अत्यंत सचोटीचा माणूस. कुठलाही पासवर्ड कागदावर लिहायचे नाहीत, सगळे तोंडपाठ, आणि आम्हाला त्याचे कौतुक वाटायचे. एका गळीत हंगामात, जानेवारीत, त्यांना पहाटे अर्धांगाचा झटका आला. त्याच दिवशी सकाळी काट्यावरचा संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला आणि पासवर्ड मागून बसला. तो फक्त काकांना माहीत होता. बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची आणि बैलगाड्यांची रांग फाट्यापर्यंत गेली. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते आणि ती घट शेतकऱ्याच्या बिलातून जाते. आम्ही हाताने पावत्या फाडल्या आणि दुसऱ्या डिस्कवरून संगणक उघडून रात्री साडेअकराला काटा चालू केला. काका दवाखान्यात होते, बोलता येत नव्हते, आणि कुणीतरी कागद-पेन घेऊन त्यांच्या उशाशी पासवर्ड विचारायला गेले होते. ते मला अजून विसरता येत नाही. आजारी माणसावर अशी वेळ आपण आणायला नको होती.

म्हणून अकरा पाकिटे करा. प्रत्येकात त्या-त्या दुकानाचा आयडी, कायमचा पासवर्ड आणि विंडोजचा पासवर्ड लिहा, पाकीट चिकटवा, जोडावर सही करा आणि मालकाला तिजोरीत ठेवायला सांगा. बारावे पाकीट घरी, त्यात कीपासचा मुख्य पासवर्ड. कीपासच्या फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून तो बहिणीकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. पेनड्राइव्ह आणि बारावे पाकीट एकाच ठिकाणी ठेवू नका.

मुलाला मुख्य फाइल देऊ नका. यात अविश्वास नाही. त्याचा लॅपटॉप कॉलेजात, होस्टेलवर, मित्रांच्या खोलीत फिरतो. त्याला ज्या दोन-तीन दुकानांचे काम द्याल त्यांचेच पासवर्ड द्या आणि 20 तारीख उलटली की ते बदला. ‘यापुढे आपोआप आत घ्या’ अशी जी चौकट एनीडेस्क दाखवते तिच्यावर त्याने टिचकी मारलेली असेल, तर त्याच्या लॅपटॉपवर तशी परवानगी साठलेली असते. दुकानाच्या संगणकावर सुरक्षेच्या सेटिंगमध्ये जाऊन त्या साठवलेल्या परवानग्या पुसायच्या. तिथेच कुठल्या आयडीवरून आत येऊ द्यायचे याची यादीही करता येते. तीत फक्त तुमचा संगणक ठेवा. एवढ्या एका यादीने निम्मी काळजी मिटते.

दर महिन्याला पासवर्ड बदलायची गरज नाही. अमेरिकेच्या मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, 2017 मध्येच ठरावीक मुदतीने सक्तीचा बदल नको असे सांगितले, कारण लोक मग 1 चा 2 करतात. तुम्ही तेच करत होता. पण कारण घडले की त्याच दिवशी बदला : दुकानातला संगणक हाताळणारा मुलगा नोकरी सोडून गेला, संगणक दुरुस्तीला गेला, तुमचा फोन हरवला, किंवा कंपनीनेच सांगितले. फेब्रुवारी 2024 मध्ये एनीडेस्कने आपल्या यंत्रणेत घुसखोरी झाल्याचे जाहीर केले आणि आपल्या पोर्टलवरच्या खात्यांचे पासवर्ड रद्द केले. तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला, असे तेव्हा सांगितले होते. वेगवेगळे पासवर्ड असणाऱ्यांचे काम तेव्हा पाच मिनिटांत झाले.

तुमच्या स्वतःच्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डानंतर फोनवरचा सहा आकडी कोडही लागेल. ती लावताना मिळणारे राखीव कोड बाराव्या पाकिटात घाला. आणि या दोन्ही कंपन्यांची मोफत आवृत्ती खासगी वापरापुरती आहे. तुमचे काम व्यवसायाचे आहे, तेव्हा परवाना घ्या. नाहीतर 20 तारखेच्या रात्रीच जोडणी तुटायची.

प्रश्न : आमच्या शाळेच्या संगणक कक्षात पंचवीस संगणक आहेत. मुलांचे पडदे बघायला मी व्हीएनसी वापरतो. शाळेचे नाव आणि वर्ष मिळून चौदा अक्षरी पासवर्ड ठेवला होता. परवा घाईत शेवटची अक्षरे चुकली, तरी संगणक उघडला. असे कसे झाले? सगळे पासवर्ड बिघडले का?
— एक शिक्षक, बार्शी

उत्तर : सर, काही बिघडलेले नाही. ते पहिल्यापासून तसेच आहे, आणि तुमच्या लक्षात आले हे फार चांगले झाले. व्हीएनसी 1990 च्या दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या एका प्रयोगशाळेत तयार झाले. त्याची मूळ पद्धत पासवर्डाची फक्त पहिली आठ अक्षरे धरते. नवव्या अक्षरापासून पुढे काहीही लिहा, ते वाचलेच जात नाही. तुमच्या पासवर्डात शाळेचे नाव आधी आणि वर्ष नंतर आहे, म्हणजे प्रत्यक्षात कुलूप फक्त शाळेच्या नावाचे. आणि ते फाटकावर लिहिलेले आहे.

आठच अक्षरे मिळत असतील तर ती आठही कामाची हवीत. नाव, वर्ष, ओळीने येणारे आकडे काढून टाका आणि लहान-मोठी अक्षरे, आकडे मिसळून पासवर्ड करा. तुमच्याकडे व्हीएनसीचा टाईटव्हीएनसी हा प्रकार असेल तर त्यात दोन वेगळे पासवर्ड ठेवता येतात, एक संगणक चालवण्याचा आणि दुसरा फक्त पाहण्याचा. तुमचे काम पाहण्याचे आहे, तेव्हा रोज पाहण्याचाच वापरा. चालवण्याचा दुरुस्तीपुरता.

जुन्या व्हीएनसीत हा पासवर्ड संगणकावर ज्या पद्धतीने साठवला जातो, तिची किल्ली सगळ्या जगात एकच आणि जाहीर आहे. चौकस मुलगा विंडोजच्या रजिस्ट्रीपर्यंत, म्हणजे सेटिंग साठवायच्या जागेपर्यंत, पोचला तर तो पासवर्ड उलगडू शकतो. नववी-दहावीत अशी मुले असतात, आणि असावीत. म्हणून मुलांना विंडोजची साधी खाती द्या, ॲडमिनिस्ट्रेटरची नकोत. मुख्याध्यापकांच्या आणि लिपिकांच्या संगणकावर हा पासवर्ड मुळीच नको. खरे तर तिथे व्हीएनसीच नको. पंचवीस मुलांच्या संगणकांना पंचवीस पासवर्ड ठेवा असे मी म्हणणार नाही, त्यांवर जपण्यासारखे काही नसते आणि तास पस्तीस मिनिटांचा असतो. कक्षाला एक पासवर्ड चालेल, फक्त तो शाळेत दुसरीकडे कुठेही नको. आणि कक्षाच्या राउटरवर बाहेरून 5900 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे व्हीएनसीची वाट, उघडा ठेवलेला असेल तर आजच बंद करा. टाईटव्हीएनसीत पासवर्ड सोडला तर बाकी सगळे, म्हणजे पडद्यावरचे आणि टाइप केलेले, उघडेच जाते.

प्रश्न : मी मस्कतला असतो. चिपळूणला आईवडिलांकडे संगणक आहे, त्याला पासवर्ड नाही, कारण बाबांना तो लक्षात राहत नाही. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपने जोडायला गेलो तर होत नाही. बाबांना त्रास न देता काय करता येईल?
— एक वाचक, मस्कत

उत्तर : घरगुती संगणकात बहुधा विंडोजची होम आवृत्ती असते, आणि तिच्यात बाहेरून रिमोट डेस्कटॉपने आत येण्याची सोयच नाही. प्रो असती तरी पासवर्ड नसलेल्या खात्यात विंडोज दुरून कुणालाच घेत नाही, आणि ते योग्यच आहे. बाबांना चार आकडी पिन लावून दिलात तरी रिमोट डेस्कटॉपला तो पिन चालत नाही, खात्याचा पासवर्डच लागतो.

तुमच्यासाठी विंडोजमधलेच क्विक असिस्ट पुरेसे आहे. तुम्ही तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने आत जायचे, सहा अक्षरांचा कोड घ्यायचा आणि फोनवरून बाबांना सांगायचा. त्यांनी तो टाकून परवानगी दिली की त्यांचा पडदा तुमच्यासमोर. दहा मिनिटांत न वापरलेला कोड निकामी होतो. बाबांना पासवर्ड लक्षात ठेवायचा नाही आणि संगणकावर मागे कुठलीही उघडी वाट राहत नाही.

बाबांशी एक गोष्ट मात्र आधी बोलून ठेवा. बँकेतून बोलतो म्हणून फोन करायचा, एनीडेस्क उतरवून घ्यायला लावायचे आणि खाते रिकामे करायचे, हा प्रकार इतका वाढला की 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना त्याबद्दल सावध करावे लागले. तेव्हा नियम ठेवा : कोड फक्त तुमचा व्हिडिओ कॉल चालू असताना, तुमचा चेहरा दिसत असतानाच टाकायचा. आईलाही हे सांगा, कारण दुपारी बाबा झोपलेले असतात तेव्हा फोन त्या घेतात. संगणकाशेजारच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत 1930 लिहून लावा. पैसे गेल्यास तक्रार करायचा हा देशभरचा क्रमांक आहे. फोन लगेच केला, तर पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता असते.